केळं खाल्लं की लेकराचे ओठ खाजतात, हे कार्बाइडमुळे का?

तुमच्या पाच वर्षांच्या लेकराचे ओठ केळं खाल्लं की खाजतात, आणि हा पिकवायच्या पावडरीचा दोष असेल तर घरी पिकवून द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. अर्धापूर तालुक्यात आमची दीड एकर केळीची बाग आहे आणि हाच वाद आमच्या घरात दोन वर्षं चाललाय.

वहिनी दवाखान्यात नर्स. केळं खाल्लं की तिचे ओठ चुरचुरायचे, टाळू खाजायचा. आई म्हणायची, "बाजारचं आहे ते, कार्बाइडचं. घरचं खा." भावाने बागेतला घड उतरवला, फण्या सोडवून ज्वारीच्या कोठीत पुरल्या. केळं स्वतःच इथिलीन वायू सोडतं. तो कोठीत कोंडला की पिठूळपणा जाऊन गर गोड होतो, पावडर लागतच नाही. पाचव्या दिवशी झाकण काढलं तर घरभर वास. वहिनीने हौसेने अर्धं केळं खाल्लं आणि दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले. आई गप्पच झाली.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न केळ्याचा नाही, रबरी हातमोज्यांचा विचारला. हातांवर पुरळ होतंच, आम्ही ते साबणावर ढकललेलं. रबराच्या चिकातली काही प्रथिनं केळ्यातल्या प्रथिनांसारखी असतात, त्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसरंही बाधू शकतं. किवी, पपई, अवोकाडोचंही तसंच. म्हणून फुगा फुगवताना लेकराचे ओठ खाजतात का, ते आठवून बघा आणि डॉक्टरांना सांगा. नुसत्या परागकणांच्या ॲलर्जीतूनही अशी खाज येते, तेव्हा निदान त्यांच्यावरच सोडा. तोवर केळं बंद. "थोडंसं देऊन बघू" हा प्रयोग घरी नको. अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, श्वास घरघरला तर थेट दवाखाना गाठा.

कार्बाइड वाईटच. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, आणि फळं पिकवायला ते वापरण्यावर कायद्याने बंदी आहे. पण साल पिवळी अन् देठ हिरवा दिसला म्हणजे कार्बाइडच, असं लोक सांगतात ते खरं नाही. इथिलीनच्या चेंबरमधून निघालेल्या चांगल्या मालाचाही देठ हिरवा असतो.

अर्धकच्च्या केळ्याने पोटात गुबारा धरतो तो वेगळा प्रकार. त्यातला स्टार्च नीट पचत नाही, एवढंच. ज्याला ॲलर्जी नाही त्याला ठिपके पडलेलं द्या. घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र पोटॅशियममुळे केळं डॉक्टरांना विचारूनच.

वहिनी आता नायट्राइलचे, म्हणजे रबराचा चीक नसलेले निळे हातमोजे वापरते. शिकरण आमच्याकडे अजूनही होतं, फक्त तिच्या वाटीत दूध-पोळी असते.