अमेरिकेतली लष्करी अधिकाऱ्यांची संघटना संरक्षण धोरण ठरवते का?

ठरवत नाही. मिलिटरी ऑफिसर्स असोसिएशन ऑफ अमेरिका ही संस्था १९२९ साली निवृत्त अधिकाऱ्यांसाठी सुरू झाली. तिचा जोर पगार, पेन्शन, औषधपाणी यांवर. त्यासाठी मात्र ती खासदारांच्या हात धुऊन मागे लागते.

'विधवा कर' घ्या. नवरा लष्करी सेवेमुळे वारला, तर पत्नीला मिळणाऱ्या दोन भत्त्यांपैकी एकाची रक्कम दुसऱ्यातून कापली जायची. आणि ज्या भत्त्यातून कापायचे, त्यासाठी निवृत्त नवऱ्याने तर स्वतःच्या पेन्शनमधून हप्ते भरलेले! इतर संघटनांसह वर्षानुवर्षं लावून धरल्यावर २०१९ च्या अखेरीस कायदा बदलला, २०२३ मध्ये कपात पूर्ण थांबली.

बाकी ही युनियन नव्हे बरं का. सेवेतल्या सैनिकांच्या युनियनला तिथे कायद्यानेच बंदी आहे.