भिलारला पुस्तकं विकत मिळतात का?

नाही हो, भिलार म्हणजे पुस्तकबाजार नव्हे. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ला ‘पुस्तकांचं गाव’ झालं. कल्पना ब्रिटनच्या वेल्समधल्या ‘हे-ऑन-वाय’ नावाच्या गावावरून घेतलेली; पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं, इथे सगळं फुकट वाचायचं. सुरुवातीला २५ ठिकाणी, त्यातही बरीचशी लोकांच्या राहत्या घरांत, कपाटं मांडली. एका घरी कविता, दुसरीकडे इतिहास, कुठे बालसाहित्य. चपला बाहेर काढायच्या नि आत जाऊन बसायचं. पहिल्यांदा जरा अवघडल्यासारखं होतं. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या आणि आपण त्यांच्या खुर्चीत दिवाळी अंक चाळतोय! जाडी कादंबरी वाचायची असेल तर मात्र मुक्कामालाच जा, एका दुपारीत भागत नाही.