अकरा दिवस आणि सात ड्राफ्ट

"मॅडम, मी स्वतःहून मेल केला तर फार गरजू वाटेन ना?"

ती खुर्चीत नीट टेकलीही नव्हती. (तिची गोष्ट तिला विचारूनच सांगतेय, ओळखीच्या खुणा बदलून.) इंटरव्ह्यूला अकरा दिवस झाले होते आणि तो चांगला झाला होता, दुखणं तेच होतं. वाईट गेला असता तर दोन दिवस रडून मोकळी झाली असती.

"आठवड्याभरात कळवतो," असं एचआरवाल्या बाई म्हणाल्या होत्या. आठव्या दिवसापासून ही त्यांचं व्हॉट्सअॅप उघडून 'लास्ट सीन' बघत होती. "त्या रात्री साडेदहालाही ऑनलाइन असतात, मॅडम. मग मलाच दोन ओळी लिहायला वेळ नाही?"

अर्धवट राहिलेलं काम पुरं झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, असं ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 मध्ये मांडलं होतं. पुढच्या प्रयोगांत ते दर वेळी तसंच दिसलं नाही म्हणा, पण माझ्या समोरच्या खुर्चीत ते वरचेवर दिसतं.

तिच्या फोनमध्ये मेलचे सात ड्राफ्ट पडून होते. त्यातला एक मी मोठ्याने वाचायला सांगितला. "आपला बहुमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व. आपण व्यग्र असाल याची कल्पना आहे. माझ्याकडून इंटरव्ह्यूत काही कमी राहिलं असल्यास..." वाचता वाचता आवाज बारीक होत गेला.

"यात तू विचारलंयस काय?"

तिने स्क्रीन वर-खाली केली. "काहीच नाही."

एका मेलमध्ये ती दोन प्रश्न कोंबत होती. निकाल कधी लागेल, हा एक. दुसरा, मी बरी आहे ना? पहिल्याचं उत्तर एचआरकडे असू शकतं. दुसरं त्यांच्याकडे मागायला गेलं की मग माफीची वाक्यं सुचायला लागतात.

पलीकडे काय चाललेलं असतं, तेही तिला सांगितलं. कधी पगाराच्या आकड्यावर वरची सही अडकते, कधी साहेब रजेवर, कधी भरतीच थांबते. आणि कधी पहिल्या पसंतीच्या उमेदवाराचा होकार येईपर्यंत दुसऱ्याला ना हो, ना नाही. हे वागणं मला मुळीच पटत नाही. दोन ओळींचा नकार पाठवायला असा कितीसा वेळ लागतो? पण त्या गप्प बसण्यावरून स्वतःची किंमत ठरवायचं काही कारण नाही.

मग आम्ही खोडायला बसलो. क्षमस्व गेलं, बहुमूल्य गेलं. उरलं ते असं: "अमुक तारखेला या पदासाठी माझा इंटरव्ह्यू झाला. आठवड्याभरात कळवू, असं आपण म्हणाला होता. निर्णय साधारण कधीपर्यंत होईल, ते कळवावे. या कामात मला अजूनही रस आहे." विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि तारीख, म्हणजे वाचणाऱ्याला शोधाशोध नको. खरं तर दिलेली मुदत टळल्यावर दोन-तीन कामाचे दिवस जाऊ द्यावेत आणि विचारावं. ते दिवस कधीच उलटले होते. फोन, व्हॉट्सअॅप आणि मेल असा तिहेरी मारा मात्र करू नये. त्याने समोरचा वैतागतो.

"पाठवू?" तिने विचारलं. मी काही बोलले नाही. तिने बटण दाबलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

दोन दिवसांनी उत्तर आलं: प्रक्रिया सुरू आहे. दहा दिवसांनी तिने आणखी एकदा विचारलं. त्यावर काहीच आलं नाही, आजतागायत. त्याआधी आम्ही ठरवून ठेवलं होतं की दुसऱ्या मेललाही उत्तर नाही आलं तर ती फाइल आपल्याकडून बंद. एक दिवस तिला वाईट वाटलं, संध्याकाळी तिने ते नाव व्हॉट्सअॅपमधून काढून टाकलं.

पुढच्या भेटीला आली तेव्हा मधे आणखी एक इंटरव्ह्यू झाला होता. "कसा झाला" हे सांगायच्या आधी तिने डायरी उघडून दाखवली. उठण्यापूर्वी तिने तिथे विचारून घेतलं होतं: निर्णय कधीपर्यंत, आणि नाही कळलं तर कोणाला विचारू? पानावर एक तारीख होती, एक नाव होतं, आणि तारखेच्या पुढे तीन दिवस सोडून एक छोटी फुली.