अंगावर पाजत असतानाही दिवस जाऊ शकतात

‘ताई, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय २७. पहिला मुलगा नऊ महिन्यांचा होत आला आहे, तो सिझर करून झाला. त्यानंतर अजून पाळी आलेली नाही. रविवारी रात्री कंडोम फाटला. थोडे खोबरेल तेल वापरले होते, त्याने काही झाले असेल का ते माहीत नाही. यजमान बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत, ते पहाटेच निघून गेले. सासूबाई नेहमी सांगतात की बाळ अंगावर पिते तोवर दिवस जात नाहीत. गावातले मेडिकल चुलत सासऱ्यांचे आहे, तिथे तोंड उघडता येणार नाही. आणि बेळगावात जाऊन मागायचे तर मला कानडी धड बोलता येत नाही. गोळी घेतली तर दूध बिघडेल का? आणि हे गर्भ पाडण्याचे पाप होईल का?’

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र सोमवारी दुपारी मिळाले. स्तंभातले उत्तर प्रसिद्ध व्हायला दहा-बारा दिवस लागतात आणि तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यावी लागते, म्हणून त्याच संध्याकाळी मी तुम्हाला थोडक्यात उत्तर पाठवले होते. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास बेळगावात गोळी घेतली आणि दुपारी तीन वाजता एक उलटी झाली, असे तुम्ही नंतर कळवलेत. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली असती, तर दुसरी गोळी घ्यावी लागली असती; चार तासांनंतरच्या उलटीने काही बिघडत नाही, कारण तोवर औषध रक्तात उतरलेले असते. सुमारे ३६ तासांत तुम्ही गोळी घेतलीत. ती बारा तासांत घेतली असती तर अधिक बरे झाले असते, परंतु घरातली परिस्थिती पाहता तुम्ही वेळ दवडला नाहीत, असेच मी म्हणेन.

आता सासूबाईंच्या म्हणण्याविषयी. ते सर्वस्वी चुकीचे नाही, आणि नेमकी तीच त्यातली अडचण आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, त्याला रात्रंदिवस केवळ अंगावरचेच दूध मिळत असेल आणि आईची पाळी परतलेली नसेल, तर दिवस जाण्याची शक्यता खरोखरच फार कमी असते. मात्र या तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. तुमचा मुलगा नऊ महिन्यांचा होत आला आहे, तो आता पेज आणि मऊ भातही खात असेल, म्हणजे दोन अटी केव्हाच मोडल्या आहेत. उरली पाळीची अट. बाळंतपणानंतर पाळी परतते तेव्हा बहुधा आधी बीजांड सुटते आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी रक्तस्राव दिसतो. त्यामुळे पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या बाईला पाळी न येताच दिवस जाऊ शकतात, आणि पाळी तशीही येतच नसल्याने ही गोष्ट तिच्या लक्षात यायलाही दोन-तीन महिने लागतात. आपल्या भागात पाठोपाठच्या वर्षांची भावंडे असलेल्या कितीतरी घरांत हेच घडलेले असते. तुमचे तर सिझर झालेले आहे. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षांचे अंतर असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भाशयावरची शिवण भक्कम होण्यासाठी तो अवधी तुम्हाला इतरांपेक्षा अधिक गरजेचा आहे.

तेलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण माझ्या मते पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. कंडोम रबराचा असतो आणि खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा तूप लागले की ते रबर काही मिनिटांतच कमजोर होऊन फाटते. तेलाची गरज का पडली, तर अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन कमी झालेले असते, त्यामुळे योनीमार्ग कोरडा पडतो आणि संबंध दुखतात. यात तुमचा काही दोष नाही आणि यजमानांविषयीची तुमची ओढ कमी झाली असाही त्याचा अर्थ नाही. परंतु बाळंतपणानंतर घरी पाठवताना ही गोष्ट बायकांना कोणी सांगत नाही, आणि मग त्या शेल्फावरच्या तेलाच्या बाटलीकडे वळतात. औषधांच्या दुकानात पाण्यापासून बनवलेली जेली मिळते, ती कंडोमबरोबर निर्धोक वापरता येते.

पापाचा प्रश्न तुम्ही अगदी शेवटी विचारला आहे, पण तोच मनात सर्वांत जास्त सलत असावा. या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असते आणि ते बीजांड सुटण्याची क्रिया लांबणीवर टाकते. पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकते, बीजांड मात्र एखादाच दिवस. त्यांची गाठच पडू नये, एवढेच काम ही गोळी करते. गर्भ आधीच रुजलेला असेल तर तिचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही, तो पडतही नाही आणि त्याला इजाही होत नाही. म्हणून हा गर्भपात नव्हे. बाळाला पाजणेही चालू ठेवावे, दूध बिघडत नाही. गर्भपाताच्या गोळ्यांचा पाच गोळ्यांचा संच मिळतो तो वेगळा, आणि दुकानात घाईने मागताना किंवा लाजून अर्धेच बोलताना या दोहोंची गल्लत झाल्याचे प्रकार घडतात. पाकिटावर लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे नाव आहे ना, एवढे प्रत्येकीने वाचून घ्यावे.

ही गोळी विकत घेण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. बेळगाव शहरात बहुतेक दुकानांत मराठी चालते, आणि तशी वेळ आलीच तर ‘तुर्तु गर्भनिरोधक मात्रे’ एवढे तीन शब्द पुरेत. हा कानडी ‘तुर्तु’ ऐकून मला आपला ‘तूर्त’ आठवतो. त्यांच्याकडे त्याचा अर्थ तातडीचा, आपल्याकडे तात्पुरता, आणि ही गोळी तातडीची आहे तशीच तात्पुरतीही आहे. भाषेचा वाद आपल्याकडे १९५६ पासून चालला आहे, तो चालत राहील. ७२ तास मात्र कोणासाठी थांबत नाहीत. आशा कार्यकर्तीकडेही ही गोळी अगदी नाममात्र किमतीत मिळू शकते, पण ती गावातलीच असल्याने तिच्याशी बोलायचे की नाही, हे तुम्हीच ठरवावे.

माझ्या पहिल्या उत्तरात मी तांबीचाही उल्लेख केला होता. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेतली तर ती गोळीपेक्षा अधिक खात्रीची असते. गोळी घेऊनही शंभरांतल्या एखाद-दुसऱ्या बाईला दिवस जातात, तांबीच्या बाबतीत हे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे. ज्यांचे वजन जास्त आहे, किंवा ज्या क्षयाची रिफाम्पिसिन अथवा फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधे घेतात, त्यांच्यात गोळीचा प्रभाव कमी पडू शकतो. त्यांनी तांबीचाच विचार आधी करावा.

तुमच्यापुरते आता काय करायचे, ते सांगते. गोळीनंतर काही दिवसांनी थोडे रक्त दिसले तर ‘सुटलो’ असे समजू नका, कारण ते पाळीचेच असते असे नाही. तुमची पाळी सुरूच झालेली नसल्याने ‘पाळी चुकली’ हा इशाराही तुम्हाला मिळणार नाही. म्हणून त्या रविवारपासून तीन आठवडे मोजा आणि त्यानंतर सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करा. तोपर्यंत कंडोमशिवाय संबंध टाळा. त्या गोळीने केवळ त्या एका रात्रीची काळजी घेतली आहे, पुढच्या रात्रींची नाही. मधल्या काळात ओटीपोटात एका बाजूला तीव्र वेदना झाल्या किंवा चक्कर आली, तर चाचणीसाठी न थांबता दवाखान्यात जा.

चाचणीत दिवस गेल्याचे दिसलेच, तर मार्ग बंद झालेला नसतो. गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे हे गर्भपातासाठी कायद्याने मान्य केलेले कारण आहे, आणि २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. १९७१ च्या मूळ कायद्यात हे कारण विवाहित स्त्री आणि तिच्या नवऱ्यापुरते होते, २०२१ च्या दुरुस्तीने ते कोणत्याही स्त्रीला आणि तिच्या जोडीदाराला लागू झाले. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही मागण्याचा अधिकार कोणालाही नाही, सासूबाईंचा तर प्रश्नच येत नाही, आणि तुमचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो, परंतु सिझरनंतर इतक्या लवकर तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांनी तो करू नये. कागद कानडीत असतील, तर ते मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. नर्सबाईंपैकी कोणाला तरी मराठी येतेच.

चाचणी नकारार्थी आली, तर तांबी बसवून घेण्याचा विचार करा असे मी सुचवेन. सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात, एक प्रकार पाच वर्षे चालतो आणि दुसरा दहा, दुधावर परिणाम होत नाही, आणि हवी तेव्हा काढता येते. तांबी नको असेल तर दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ हे इंजेक्शन आहे, किंवा ‘छाया’ ही गोळी आहे, जी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची असते. या तिघांतले काय निवडायचे, हे यजमानांशी बोलूनच ठरवा. ते पहाटे निघून गेले म्हणून रविवारची काळजी तुमच्या एकटीच्या वाट्याला आली. पुढच्या सुटीत ते घरी येतील तेव्हा त्यांना तेलाचे, गोळीचे आणि तीन आठवड्यांचे सगळे सांगा.

आणि बाहेर पडायला घरी कारण काय सांगायचे, हा तुमच्या पत्रातला न विचारलेला प्रश्न. मुलाला नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस द्यावी लागते. ती घ्यायला तुम्ही बाळाला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जालच, तेव्हा लस झाल्यावर नर्सबाईंना बाजूला बोलावून लघवीच्या चाचणीचा संच मागा आणि तांबी कोणत्या दिवशी बसवतात ते विचारून घ्या.