करेन म्हणजे नेमकी कुठली करेन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात तुमच्या मुलाच्या वर्गात म्यानमारकडची काही करेन मुलं आहेत. त्यातल्या एकाच्या आईला वाढदिवसाचं आमंत्रण द्यायचं होतं, म्हणून तुम्ही फोनवर मजकुराचं बर्मी भाषांतर करून तिला दाखवलंत. तिने हसून मान डोलावली, पण वाढदिवसाला कोणी आलं नाही. करेन ही बर्मीचीच बोली असताना असं कसं झालं, असं तुम्ही विचारलंय.

करेन ही बर्मीची बोली नाही. त्या बाईंना तुमचा फोन बहुधा वाचताच आला नसेल आणि समोरच्याला ‘कळलं नाही’ म्हणणं त्यांना अवघड वाटलं असेल. मी इथल्याच एका दवाखान्यात नऊ वर्षं निर्वासित कुटुंबांसोबत काम करते. करेन रोज कानावर पडते, त्यातली एक तोडकीमोडकी बोलतेही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुळात करेन हे एका भाषेचं नावच नाही, ती वीसेक भाषांची एक फांदी आहे. ती बर्मीसारखीच तिबेटी-बर्मी शाखेत मोडते, पण नातं खूप लांबचं आहे. मराठी आणि गुजराती एवढं जवळचं अजिबात नाही, मराठी आणि फारसी म्हटलं तर थोडी कल्पना येईल. या फांदीत सर्वांत जास्त बोलल्या जातात त्या स्गॉ आणि प्वो. त्यांच्याशिवाय शान राज्याच्या दक्षिणेकडची पाओ, काया राज्यातली काया, आणि कायान. गळ्यात पितळी वेटोळी घालणाऱ्या बायकांचे फोटो तुम्ही पाहिले असतील, त्यांची भाषा कायान. शिवाय ब्वे, गेबा अशा डोंगरातल्या लहान भाषा आहेत. सगळ्या मिळून बोलणारे चाळीस-पन्नास लाख असतील, असा अंदाज दिला जातो. तो अंदाजच आहे, कारण म्यानमारमध्ये २०१४ साली जनगणना झाली तेव्हा जमातवार आकडे रोखून धरले गेले.

बर्मीपासूनचं अंतर एका वाक्यात दाखवते. आपल्याकडे दारात आलेल्याला ‘जेवलात का?’ विचारतात, तसंच तिकडेही विचारतात. बर्मी माणूस म्हणतो, ‘थमिन सा पी बी ला?’ थमिन म्हणजे भात, सा म्हणजे खाणं. आधी भात, मग खाणं, अगदी आपल्या ‘भात खाल्ला का’सारखं. स्गॉ माणूस म्हणतो, ‘ऑ मे वी ली आ?’ ऑ म्हणजे खाणं, मे म्हणजे भात, वी म्हणजे संपणं, ली म्हणजे आता झालं, आणि आ हा प्रश्न. इथे क्रियापद आधी आणि कर्म नंतर. तिबेटी-बर्मी भाषांमध्ये क्रियापद जवळजवळ सगळीकडे शेवटी येतं, करेन भाषा हा त्यातला ठळक अपवाद. शेकडो वर्षं, क्रियापद कर्माआधी ठेवणाऱ्या मोन भाषकांच्या शेजारात राहिल्यामुळे ही रचना आली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. पण जुनी सवय पूर्ण गेलेली नाही. ‘माझं घर’ म्हणताना ‘माझं’ अजूनही आधीच येतं, आपल्यासारखं.

आता हाच ‘खाणं’ शब्द तीन करेन भाषांत बघा. पाओमध्ये ‘आम’, प्वोमध्ये ‘आं’ असा नाकातून, आणि स्गॉमध्ये नुसता ‘ऑ’. पाओने शेवटचा म् धरून ठेवला, प्वोने त्याचा अनुनासिक केला आणि स्गॉने तोही सोडला. संस्कृत ‘फलानि’, जुन्या मराठीतलं ‘फळें’ आणि आपलं आजचं ‘फळं’ ही वाट तुमच्या कानाला ओळखीची आहेच. तिकडे वाटेवरचे तिन्ही टप्पे आज एकाच वेळी जिवंत आहेत, वेगवेगळ्या लोकांच्या तोंडी. मला पहिल्यांदा हे जाणवलं तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला ‘खाणं’ला काय म्हणतोस म्हणून विचारत सुटले होते. स्गॉमध्ये आता शब्दाच्या शेवटी व्यंजन उरलेलंच नाही. सगळा भार स्वरांवर आणि सुरांवर. लिपीत सुरांची पाच चिन्हं आहेत आणि सहावा सूर बिनचिन्हाचा. सूर चुकला की शब्दच बदलतो.

प्वोच्या आतही एकोपा नाही. इरावतीच्या खोऱ्यातली पश्चिम प्वो आणि करेन राज्याची राजधानी फा-आन, तिच्या बाजूची पूर्व प्वो, या दोन्ही बोलणाऱ्यांना एकमेकांचं बोलणं समजत नाही. थायलंडच्या उत्तरेकडची प्वो आणखी वेगळी. स्गॉ मात्र दक्षिण म्यानमारमधल्या दावैपासून उत्तर थायलंडमधल्या चिअंग मायपर्यंत बरीचशी परस्परांना कळते.

हे सगळं कागदावरचं राहत नाही. आमच्याकडे एक प्वो आजी यायच्या. त्यांच्या अर्जावर भाषेच्या रकान्यात नुसतं ‘करेन’ लिहिलेलं होतं. फोनवर दुभाषी मिळाला तो स्गॉचा. रक्तदाबाची गोळी कशी घ्यायची ते त्याने नीट समजावलं, आजी प्रत्येक वाक्याला ‘हं, हं’ म्हणत राहिल्या. तीन आठवड्यांनी नात बाटली घेऊन आली. सील तसंच होतं. ती म्हणाली, ‘आजी फ्लोंग बोलते, तिला स्गॉ नाही येत.’ प्वो लोक स्वतःला फ्लोंग म्हणतात. त्या दिवशी दुभाष्यासोबत फोनवर मीच होते. आजींची मान हलताना बघून मलाही सगळं ठीक चाललंय असंच वाटलं होतं. तेव्हापासून अर्जावर ‘करेन’ दिसलं की ‘कुठली?’ हे मी आधी विचारते.

नुसतं ‘करेन’ लिहिलं जातं त्याला कारणं आहेत. ‘करेन’ हा शब्दच त्यांचा नाही, तो बर्मी ‘कायिन’वरून आलेला आहे. स्गॉ स्वतःला ‘प्वाकन्यॉ’ म्हणतात, आणि त्याचा साधा अर्थ ‘माणूस’. एकेकाळी बर्मी लोक स्गॉंना ‘बर्मी कायिन’ आणि प्वोंना ‘मोन कायिन’ म्हणत. पुढे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी जोनाथन वेड याने १८३०च्या दशकात बर्मी अक्षरांवरून स्गॉची लिपी बसवली. १८४२ साली दावैहून स्गॉत ‘पहाटतारा’ नावाचं मासिक निघालं (आपलं ‘दर्पण’ १८३२चं, म्हणजे फक्त दहा वर्षांचं अंतर). १८५३पर्यंत फ्रान्सिस मेसनने अख्खं बायबल स्गॉत आणलं होतं. शाळा, छापखाना, चर्च सगळं स्गॉतून चाललं. बहुसंख्य करेन बौद्ध आहेत, पण लिखापढी आणि नंतर १९४९पासून म्यानमार सरकारविरुद्ध चाललेल्या सशस्त्र लढ्याचं नेतृत्व बरंचसं स्गॉ ख्रिश्चनांकडे राहिलं. थायलंडच्या सीमेवरच्या बहुतेक करेन निर्वासित छावण्यांत शिकवण्याची भाषा स्गॉच. प्वो घरातलं मूल तिथे स्गॉ शिकून बाहेर पडतं. खेड्यातून थेट आलेली त्याची आजी मात्र शिकत नाही. मला स्गॉ मनापासून आवडते, पण प्वो आणि पाओ माणसं तिच्या सावलीत दिसेनाशी होतात याचं वाईट वाटतं.

प्वोंची लिहिण्याची परंपरा काही कमी नाही. बौद्ध मठांमध्ये त्यांची वेगळी लिपी आहे, आणि लेके या करेन धर्मपंथाची तर आणखी निराळी. तिला ‘कोंबडीने उकरलेली लिपी’ म्हणतात. करेनांची एक जुनी कथा आहे: देवाने त्यांना चामड्यावर लिहिलेलं पुस्तक दिलं, ते शेतात बुंध्यावर ठेवून विसरले, आणि कोंबड्यांनी ते उकरून टाकलं. कायांसाठी १९६२ साली थे बू फे यांनी स्वतंत्र लिपी तयार केली. ती आता संगणकावरही चालते.

आणि हो, यासाठी अमेरिकेपर्यंत यायचीही गरज नव्हती. अंदमानला जाणारी मराठी मंडळी सेल्युलर जेल बघून परततात. मध्य अंदमानात मायाबंदरजवळ वेबी नावाचं करेन गाव आहे. १९२५ साली इंग्रजांनी जंगलकामासाठी ब्रह्मदेशातून आणलेल्या कुटुंबांचे वंशज तिथे आणि आसपासच्या गावांत राहतात. ते स्गॉ बोलतात. शाळा अर्थातच हिंदी-इंग्रजीतून, त्यामुळे तिथेही लिहिलेली स्गॉ मुख्यतः चर्चमध्येच टिकून आहे.

आता तुमच्या कामाचं. त्या आईच्या नावाआधी ‘नॉ’ असेल तर ती बहुतेक स्गॉ. स्गॉ पुरुषांना ‘सॉ’ लागतं. ‘नान’ आणि ‘मान’ असेल तर प्वो असण्याची शक्यता जास्त. ‘खुन’ नावाचे पुरुष साधारणपणे पाओ. ही साधारण आपल्या श्री. आणि सौ.सारखी बिरुदं आहेत, पण इथल्या कागदपत्रांत तीच पहिलं नाव होऊन बसतात आणि आडनाव त्यांना नसतंच. म्हणून वर्गात पाच मुलींचं नाव ‘नॉ’ दिसलं तरी पुढचा भाग घेऊन हाक मारा. लिखित चिठ्ठीवर विसंबू नका. अक्षरं बर्मीसारखी दिसली तरी बर्मी वाचणाऱ्याला स्गॉ वाचून काही कळत नाही, आणि बऱ्याच आयांना तर कुठलीच लिपी येत नाही. तुमच्या मुलाच्या मित्राला इंग्रजी येत असेल, पण मुलाला दुभाषी करू नका. मोठ्यांच्या वतीने बोलण्याचं ओझं या मुलांवर आधीच पुष्कळ असतं. शाळेला दुभाषी मागा, आणि मागताना ‘स्गॉ’ की ‘प्वो’ ते स्पष्ट सांगा.

उद्या शाळेच्या दारात भेटल्या की हसून ‘ऑ मे वी ली आ?’ म्हणा. उत्तरात ‘ऑ मे वी ली’ आलं तर त्या स्गॉ, आणि नाकातला ‘आं’ ऐकू आला तर प्वो. प्वो निघाल्या तर इथेच खाली लिहा, त्या आजींच्या नातीकडून मी काही शब्द उतरवून घेतलेत, ते पाठवते.