कर्जाची मुदत नंतर, आधी पॉलिसी परत करा आणि बॅटरी तपासा

कोल्हापुरातील रंकाळा परिसरातील एका वाचकांनी विचारले आहे की, नव्या गाडीसाठी मंजूर झालेले ७ लाखांचे कर्ज ५ वर्षांत फेडावे की ७. त्यांची आठ वर्षांची पेट्रोल गाडी सकाळी रडतखडत सुरू होते, सिग्नलला बंद पडते आणि इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजने ४५ हजारांचा खर्च सांगितला आहे. कर्जासाठी ‘सक्तीची’ म्हणून ६० हजार वार्षिक हप्त्याची युलिप (विमा आणि बाजारातील गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) ही दहा दिवसांपूर्वी त्यांच्या हाती पडली आहे.

पॉलिसीपासून सुरुवात करतो, कारण तिला मुदत आहे. वाहनकर्जासाठी अशी पॉलिसी घेणे बंधनकारक नाही. पाच वर्षांत भरलेले ३ लाख दुप्पट होतील, असे आपल्याला सांगण्यात आले. हप्ते वर्षावर्षाने जात असल्याने त्यासाठी दरसाल सुमारे २४ टक्के परतावा लागेल, आणि तसे सांगून विकणाऱ्याला हे गणित माहीत नसेल असे मला वाटत नाही. विमाछत्र तर अवघे ६ लाखांचे! कागदपत्रे मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी अर्ज देऊन पॉलिसी परत करा आणि पोच घ्या; थोडी वजावट होऊन पैसे मिळतील. मुदत टळली, तर ते पाच वर्षे अडकतील.

आता गाडी. बॅटरी पाच वर्षांपूर्वीची आहे, हे आपण ओझरते लिहिले आहे. माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. बॅटरी थकली की स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतके कोसळते की इंजिनचे कंट्रोल युनिट (गाडीतला संगणक) गोंधळून नसलेले दोष नोंदवते आणि चांगले सेन्सर बदलले जातात. शाहूपुरीपर्यंतच्या आपल्या रोजच्या छोट्या फेरीत ती धड चार्जही होत नाही. उद्यमनगरातील एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर साफ करून लोड टेस्ट (भार टाकून बॅटरीची चाचणी) करून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे निम्मीच शिल्लक. स्टार्ट करताना ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी बदला. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले नाहीत, तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे असू शकतो आणि नवी बॅटरीही उतरेल. बॅटरीचा खर्च साधारण ५ हजार. ती बदलून, नोंदलेल्या दोषांचे कोड पुसूनही दिवा लागला, तरच ४५ हजारांवर बोलू.

एवढे करूनही नवी गाडी घ्यायचीच असेल, तर ५ वर्षांची मुदत घ्या: ९ टक्के दराने हप्ता सुमारे १४,५००; ७ वर्षांत तो ११,२५० वर येतो, पण व्याज ७५ हजारांनी वाढते.