स्टॉकहोममध्ये एकच संग्रहालय पाहायला वेळ असेल, तर कोणते निवडावे?

निःसंशय वासा संग्रहालय. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच प्रवासाला निघालेली वासा ही स्वीडिश युद्धनौका वरून फार जड झाल्यामुळे वाऱ्याच्या झोतासरशी कलली, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरले आणि बंदरातच ती बुडाली. १९६१ साली तिला वर काढण्यात आले. बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारे असल्याने लाकूड पोखरणारे सागरी जीव तेथे तग धरत नाहीत; म्हणूनच तीन शतकांनंतरही तिचे बहुतांश मूळ लाकूड शाबूत राहिले. नाळेवरचा, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावरचा, झेपावणारा सिंह आणि मागील बाजूचे दाट कोरीवकाम वरच्या मजल्यांवरून सावकाश न्याहाळावे. नौकेवर सापडलेल्या सांगाड्यांवरून घडवलेले खलाशांचे चेहरेही तेथे आहेत. माझ्या मते, ते पाहिल्याशिवाय ही भेट अपुरीच राहते.